विकासनिधीतील खंड आणि नागरी स्थानिक संस्थांची अर्थसंकल्पीय तूट : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

नागरी स्थानिक संस्थांच्या आर्थिक अडचणींची चर्चा बहुधा करवसुली आणि प्रशासकीय खर्च यांभोवतीच फिरते. विकासासाठी बाहेरून मिळणारा निधी थांबल्यावर त्या संस्थांच्या दैनंदिन अर्थव्यवहारावर काय परिणाम होतो, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. प्रस्तुत लेखात चंद्रपूर महानगरपालिका व गडचिरोली जिल्ह्यातील नगरपंचायती यांच्या संदर्भात या प्रश्नाचा ऊहापोह करण्यात आला आहे. निधी बंद होण्याने केवळ नवी कामे थांबत नाहीत, तर आधीच्या कामांचा भार महसुली खर्चावर येतो आणि तूट अर्थसंकल्पात न दिसता सेवांमध्ये मुरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : नागरी वित्तव्यवहार, मागास क्षेत्र अनुदान निधी, स्थानिक संस्था कर, नगरपंचायत, जिल्हा खनिज प्रतिष्ठान.

प्रस्तावना

७४ व्या घटनादुरुस्तीने १९९२ साली नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. बाराव्या अनुसूचीतील १८ विषय त्यांच्याकडे सोपविले जावेत, अशी अपेक्षा व्यक्त झाली. परंतु कामे सोपविताना त्या प्रमाणात उत्पन्नाची साधने मात्र दिली गेली नाहीत. परिणामी या संस्था दोन आधारांवर उभ्या राहिल्या : स्वतःचे मर्यादित कर आणि केंद्र व राज्य शासनाच्या योजना. यांपैकी दुसरा आधार मुदतीचा असतो. योजनेची मुदत संपते, नाव बदलते, निकष बदलतात. शहराची गरज मात्र तशीच राहते. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत २०१२ ते २०१७ या काळात नेमके हेच घडले.

आर्थिक पार्श्वभूमी

चंद्रपूर नगरपालिकेची स्थापना १८६७ साली झाली व २५ ऑक्टोबर २०११ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ३,२०,३७९ होती. जिल्ह्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. राजुरा व कोरपना परिसरात सिमेंटचे कारखाने आहेत. बल्लारपूरला कागद कारखाना आहे. शहरालगत २,९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे. वरकरणी ही श्रीमंत जिल्ह्याची लक्षणे वाटतात. तथापि वीज केंद्राची वसाहत असलेले ऊर्जानगर व लगतचे दुर्गापूर महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. सिमेंटचे कारखाने तर शहरापासून कित्येक किलोमीटर दूर आहेत. उद्योगांमुळे येणारी वाहतूक, धूळ आणि स्थलांतरित लोकसंख्या शहराच्या वाट्याला येते. त्यांची घरपट्टी मात्र शहराच्या तिजोरीत येत नाही.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाच्छादित आहे. २०११ साली जिल्हा मुख्यालयाची लोकसंख्या ५४,१५२ इतकीच होती. वनजमिनीवर मालमत्ता कर नाही, शासकीय इमारतींकडून मिळणारे उत्पन्न मर्यादित आणि खाजगी व्यापारी मालमत्ता थोडी, अशी या शहरांची स्थिती आहे. घटनेच्या अनुच्छेद २८५ नुसार केंद्र शासनाच्या मालमत्तेवर स्थानिक कर लावता येत नाही, ही मर्यादा सर्वत्र असली तरी करपाया मुळातच लहान असलेल्या गावांना ती अधिक जाणवते.

निधी कसा थांबला

या प्रदेशातील नागरी संस्थांचा विकासनिधी तीन दिशांनी आक्रसला.

पहिली दिशा नागरी पुनर्निर्माणाच्या योजनांची. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान ३ डिसेंबर २००५ रोजी सुरू झाले. महाराष्ट्रातून बृहन्मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक व नांदेड ही अभियानाची शहरे ठरली; चंद्रपूर त्यांत नव्हते. चंद्रपूरसारख्या शहरांसाठी लहान व मध्यम शहरांच्या पायाभूत सुविधांची पूरक योजना होती. तीत केंद्राचा वाटा ८० टक्के, राज्याचा १० टक्के व स्थानिक संस्थेचा १० टक्के असे सूत्र होते. ही व्यवस्था मार्च २०१४ मध्ये संपुष्टात आली. २५ जून २०१५ पासून आलेल्या ‘अमृत’ अभियानात चंद्रपूरचा समावेश झाला. परंतु दहा लाखांपर्यंतच्या शहरांसाठी केंद्राचा वाटा निम्माच राहिला. १०० कोटींच्या कामात जेथे पूर्वी ८० कोटी केंद्राकडून येत, तेथे आता ५० कोटी येऊ लागले. उरलेले ३० कोटी राज्य व स्थानिक संस्था यांनी उभे करावयाचे होते.

दुसरी दिशा मागास क्षेत्र अनुदान निधीची. २००६-०७ पासून देशातील २५० जिल्ह्यांना हा निधी मिळत असे. महाराष्ट्रातील १२ जिल्ह्यांत चंद्रपूर व गडचिरोली या दोहोंचा समावेश होता. प्रत्येक जिल्ह्याला वार्षिक किमान १० कोटी रुपये आणि उर्वरित रक्कम लोकसंख्या व क्षेत्रफळ यांच्या प्रमाणात, असे त्याचे वाटप होते. त्याचे वैशिष्ट्य असे की, तो बऱ्याच अंशी अबंध होता आणि पंचायतींबरोबर नगरपालिकांनाही मिळत होता. कोणत्या योजनेतील कोणती उणीव भरून काढावयाची, हे स्थानिक संस्था ठरवू शकत असे. २०१५-१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या निधीचे केंद्रीय पाठबळ थांबले. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के केल्यामुळे राज्यांनी स्वतःच अशा योजना चालवाव्यात, ही त्यामागील भूमिका होती. तत्त्वतः ती चुकीची नव्हती. परंतु राज्याच्या तिजोरीत वाढलेला वाटा विशिष्ट मागास जिल्ह्यापर्यंत पोहोचेलच, अशी हमी त्या व्यवस्थेत नव्हती. विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदतही ३० एप्रिल २०२० रोजी संपल्याने प्रादेशिक समतोलाचा आग्रह धरणारे आणखी एक व्यासपीठ गेले.

तिसरी दिशा स्वतःच्या करांची. राज्यातील नगरपालिकांची जकात १९९९ साली रद्द झाली व तिच्या जागी सहायक अनुदान आले. महानगरपालिका झाल्यावर चंद्रपूरला स्थानिक संस्था कराचा आधार मिळाला. तोही अल्पकाळ टिकला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना या करातून वगळण्यात आले आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच तो पूर्णपणे संपला. भरपाईसाठी राज्याने २०१७ साली स्वतंत्र कायदा केला. २०१६-१७ हे आधारवर्ष धरून दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ भरपाई, असे त्याचे सूत्र आहे. या भरपाईमुळे महानगरपालिका तगल्या, हे मान्य करावे लागेल. मात्र शहरातील व्यापार वाढल्याचा लाभ आता थेट शहराला होत नाही. जे उत्पन्न पूर्वी कर होते, ते अनुदान झाले.

तूट कोठे दडते

येथे एक विरोधाभास लक्षात घेणे आवश्यक आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार अर्थसंकल्पात वर्षअखेर रोख शिल्लक दाखवावी लागते. म्हणजेच कायद्याच्या दृष्टीने महानगरपालिका तुटीचा अर्थसंकल्प मांडूच शकत नाही. मग तूट जाते कोठे?

तिची चार ठिकाणे सांगता येतात. पहिले ठिकाण जमेच्या अंदाजांचे. थकबाकीची वसुली व अपेक्षित अनुदाने फुगवून दाखविली जातात आणि सुधारित अंदाजपत्रकात ती गुपचूप खाली आणली जातात. दुसरे ठिकाण प्रलंबित देयकांचे. काम झालेले असते, मोजमाप पुस्तिकेत नोंदही असते, परंतु देयक पुढील वर्षात ढकलले जाते. पुढे कंत्राटदार हा विलंब गृहीत धरून निविदेतच दर वाढवितो. म्हणजे ही उधारी बिनव्याजी नसते. तिसरे ठिकाण देखभाल-दुरुस्तीचे. वेतन व वीजदेयक टाळता येत नाही. नाली, जलवाहिनी, पथदिवे यांची दुरुस्ती मात्र टाळता येते. चौथे ठिकाण मनुष्यबळाचे. मंजूर पदे रिक्त ठेवून सफाई व पाणीपुरवठ्याची कामे कंत्राटी कामगारांकडून करून घेतली जातात. कागदावर शिल्लक राहते, पण तिची किंमत कमी वेतनावर काम करणारा कामगार आणि नळाला एक दिवसाआड पाणी येणारी वस्ती मोजत असते.

विकासनिधीचा खंड आणि ही दडलेली तूट यांचा थेट संबंध आहे. योजनेतून जलशुद्धीकरण केंद्र किंवा जलकुंभ उभा राहतो तेव्हा भांडवली खर्च केंद्र व राज्य करतात. तो चालविण्याचा खर्च कायमचा स्थानिक संस्थेवर येतो. नवा निधी येत असेपर्यंत हा भार झाकला जातो. निधी थांबला की स्वहिस्सा, अपूर्ण कामांचा उर्वरित खर्च आणि देखभाल हे तिन्ही भार एकाच वर्षी पुढ्यात येतात.

गडचिरोलीतील नगरपंचायतींचा विशेष प्रश्न

राज्य शासनाने तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे धोरण स्वीकारल्यानंतर २०१५ साली गडचिरोली जिल्ह्यात अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, धानोरा, चामोर्शी, मुलचेरा, कुरखेडा व कोरची या नऊ नगरपंचायती अस्तित्वात आल्या. ज्या वर्षी मागास क्षेत्र अनुदान निधी बंद झाला, त्याच वर्षी या संस्थांचा जन्म झाला, हा योगायोग त्यांना महागात पडला.

रूपांतरामुळे ग्रामीण योजनांचे दरवाजे बंद झाले. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम, २००५ हा ग्रामीण क्षेत्रापुरता होता. एप्रिल २०१५ मध्ये राज्याने आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना अबंध स्वरूपात देण्याचा निर्णय घेतला. नगरपंचायत झालेले गाव त्याचेही लाभार्थी राहिले नाही. त्यांच्या बदल्यात मिळालेला अधिकार होता मालमत्ता कर वाढविण्याचा. परंतु भामरागड किंवा कोरची येथे कुडाच्या भिंतींच्या आणि कौलारू घरांवर किती कर आकारणार, हा प्रश्न उरतोच.

याच्या उलट उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून बांबूच्या विक्रीतून तिने स्वतःचे उत्पन्न उभे केले. एकीकडे संसाधनावर हक्क असलेले लहानसे गाव, तर दुसरीकडे नागरी दर्जा मिळूनही अनुदानाची वाट पाहणारे तालुक्याचे ठिकाण, असे हे चित्र आहे. संस्थेच्या दर्जापेक्षा उत्पन्नाच्या साधनावरील हक्क अधिक निर्णायक ठरतो, हे यातून स्पष्ट होते.

खनिज निधी : पर्याय की नवे अवलंबित्व

२०१५ च्या खाण कायदा दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची स्थापना झाली. जुन्या खाणपट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावातील पट्ट्यांवर १० टक्के अंशदान त्यात जमा होते. कोळशामुळे चंद्रपूर आणि सुरजागडच्या लोहखनिजामुळे गडचिरोली या निधीचे लाभार्थी आहेत. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण व स्वच्छता यांना त्यात अग्रक्रम आहे. तथापि हा निधी जिल्ह्याचा आहे, नगरपालिकेचा नाही. त्याविषयीचा निर्णय प्रतिष्ठान घेते. स्थानिक संस्थेला प्रस्ताव पाठवून वाट पाहावी लागते. शिवाय खनिजाचे उत्पादन घटले की निधीही घटणार. अशा उत्पन्नावर दैनंदिन सेवा चालविणे धोक्याचे आहे.

कॅलिफोर्नियाचा अनुभव

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पुनर्विकास क्षेत्रातील मालमत्ता कराची वाढ स्थानिक पुनर्विकास संस्थांना मिळत असे. राज्याच्या स्वतःच्या तुटीमुळे २०११ साली कायदा झाला व १ फेब्रुवारी २०१२ रोजी ४०० हून अधिक संस्था विसर्जित झाल्या. अनेक शहरांना कर्मचारी कमी करावे लागले व प्रकल्प सोडून द्यावे लागले. मात्र एक तरतूद उल्लेखनीय होती : प्रत्येक ठिकाणी उत्तराधिकारी संस्था नेमून जुन्या दायित्वांची यादी करण्यात आली आणि ती फेडण्यासाठी मालमत्ता कराचा हिस्सा राखून ठेवण्यात आला. योजना बंद करणे हा शासनाचा अधिकार आहे. परंतु ती बंद करण्याचीही एक रीत असते, हा त्यातील धडा होय.

निष्कर्ष व शिफारशी

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, या दोन जिल्ह्यांतील नागरी संस्थांची अडचण केवळ वसुलीच्या शैथिल्याने निर्माण झालेली नाही. उत्पन्नाचे कर क्रमाने अनुदानात रूपांतरित झाले आणि अनुदाने मुदतबद्ध राहिली, हे तिचे मूळ आहे. लोकनियुक्त सभागृहाचा अभाव हीदेखील एक बाब आहे. चंद्रपूर महानगरपालिकेची मुदत एप्रिल २०२२ मध्ये संपल्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. या काळातील अर्थसंकल्पांवर स्थायी समितीची चर्चा झाली नाही.

या पार्श्वभूमीवर पुढील शिफारशी कराव्याशा वाटतात :

१. कोणतीही विकासयोजना बंद करताना अपूर्ण कामे व दायित्वे यांची संस्थानिहाय यादी करून त्यांच्यासाठी संक्रमणकालीन तरतूद करावी.

२. अर्थसंकल्पासोबत प्रलंबित देयकांचे विवरणपत्र जोडणे बंधनकारक करावे. तूट दिसली तरच तिच्यावर उपाय शक्य आहे.

३. नव्या प्रकल्पाला मान्यता देताना पुढील दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च व त्याचा स्रोत नोंदवावा.

४. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करण्याची व राज्याच्या उत्पन्नवाढीच्या प्रमाणात करवाढीची अट घातली होती. लहान नगरपंचायतींसाठी अशी अट करपाया पाहून लावावी.

५. अनुसूचित क्षेत्रातील नगरपंचायतींना पेसा अबंध निधीच्या धर्तीवर समतुल्य अनुदान द्यावे.

६. खनिज निधीतील निश्चित हिस्सा खाणबाधित शहरांना थेट मिळावा. तो केवळ भांडवली कामांसाठी वापरावा.

नागरी संस्थेची तूट आकड्यांत लहान दिसते. परंतु ती ज्या नागरिकाला सोसावी लागते, त्याच्याजवळ दुसरा पर्याय नसतो. खाजगी टँकर घेऊ शकणारे कुटुंब महानगरपालिकेच्या तुटीतूनही वाट काढते. सार्वजनिक नळावर अवलंबून असलेले कुटुंब काढू शकत नाही. म्हणून नागरी वित्तव्यवहाराचा प्रश्न हा लेखाशास्त्राइतकाच सामाजिक न्यायाचाही प्रश्न आहे, हे ध्यानात घेणे अगत्याचे ठरते.