अमेरिकेचा मतदार, लेखांक सहावा : आधी सीमा, मग बाकीचं

प्रायमरी आणि कॉकस म्हणजे काय आणि पक्षाचा उमेदवार ठरवण्याचा अधिकार पुढाऱ्यांच्या हातून सामान्य मतदाराकडे कसा आला, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. आज त्याच प्रायमरीतला एक वाद घेऊ. बेकायदा स्थलांतर रोखतो म्हणणाऱ्या उमेदवाराच्या शब्दावर विसंबायचं की नाही, हा तो वाद. हल्ली हा विषय निघाला की पहिलं नाव डोनाल्ड ट्रम्प यांचं येतं. मी मात्र तुम्हाला २००७-०८ च्या हिवाळ्यात नेणार आहे. ट्रम्प उमेदवार म्हणून उभे राहण्याच्या सात-आठ वर्षं आधी रिपब्लिकन मतदार हाच प्रश्न विचारत होते आणि मिळालेल्या एकाही उत्तराने त्यांचं समाधान होत नव्हतं.

ते इतके साशंक का होते, हे कळायला १९८६ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी ६ नोव्हेंबरला रोनाल्ड रेगन यांनी एका कायद्यावर सही केली. वायोमिंगचे रिपब्लिकन सिनेटर ॲलन सिम्प्सन आणि केंटकीचे डेमोक्रॅट प्रतिनिधी रोमानो मझोली यांनी कित्येक वर्षं खपून तो उभा केला होता. त्यातली देवाणघेवाण सरळ होती. १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून देशात सलग राहणाऱ्या बेकायदा रहिवाशांना कायदेशीर दर्जा द्यायचा. शेतमजुरांसाठी याहून सैल अशी वेगळी तरतूद होती. त्या बदल्यात, यापुढे काम करण्याचा परवाना नसलेल्या माणसाला जाणूनबुजून कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड करायचा. कामच मिळणार नसेल तर माणूस जिवावर उदार होऊन सीमा ओलांडेल कशाला, असा त्यामागचा विचार. माझ्या मते तो विचार आजही बरोबर आहे.

पहिला भाग सरकारने चोख पार पाडला. सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. दुसऱ्या भागाचं काय झालं, हे समजून घ्यायला आय-नाइन नावाचा फॉर्म जवळून पाहायला हवा.

अमेरिकेत कुठेही नोकरी धरली, मग ती विद्यापीठात असो की कत्तलखान्यात, हा फॉर्म भरावा लागतो. कामगार त्यावर आपण नागरिक आहोत, ग्रीन कार्डधारक आहोत की आणखी कुठल्या परवान्यावर आहोत, ते लिहून सही करतो. मग मालक कागदपत्रं बघतो : एकटा पासपोर्ट, नाहीतर ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड अशी जोडी. कायदा मालकाकडून एवढीच अपेक्षा करतो की कागद सकृद्दर्शनी खरे वाटतात का, ते त्याने बघावं. वाटले तर स्वीकारायचे. जास्त खोदून विचारलं, आणखी पुरावा आण म्हटलं, तर तो भेदभाव ठरून मालकावरच कारवाई होऊ शकते. भरलेला फॉर्म कुठे पाठवायचाही नसतो. तो मालकाच्या फायलीत राहतो, तपासनीस आला तर दाखवायचा.

अशा व्यवस्थेत बनावट कार्डांचा धंदा फोफावणार हे उघड होतं आणि तो फोफावला. तपासनीस किती येत होते? अमेरिकी काँग्रेससाठी सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या संस्थेनेच ते मोजलं आहे. १९९९ च्या आर्थिक वर्षात मालकांना दंडाच्या ४१७ नोटिसा निघाल्या होत्या. २००४ मध्ये निघाल्या ३. अख्ख्या देशात तीन! मांस कारखाने, भाजीपाल्याची शेतं, बांधकामं, हॉटेलं सगळी जोरात चालू होती आणि तिथे कोण राबतंय, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. २००७ मध्ये देशातल्या बेकायदा रहिवाशांची संख्या प्यू रिसर्च सेंटरच्या अंदाजाने १ कोटी २२ लाखांवर गेली.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. रिपब्लिकन मतदारांचं तसंच झालं. त्यांना फसवलं होतं ते परक्यांनी नव्हे, त्यांच्या लाडक्या रेगन यांच्या कारकिर्दीने. रेगन यांचे ॲटर्नी जनरल एडविन मीझ यांनी २००६ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून १९८६ ची ती सरळसरळ माफीच होती, असं सांगून टाकलं. आयोवाचे सिनेटर चक ग्रासली यांनी १९८६ च्या कायद्याला मत दिलं होतं. ते मत देणं चूक होती, असं ते पुढे जाहीरपणे सांगत राहिले. म्हणून ‘आधी सीमा बंद करा, मग बाकीचं बोलू’ ही मागणी पुढे आली. बाहेरून बघणाऱ्याला ती नुसती हटवादी वाटते. पण एकदा करारातला आपला वाटा देऊन बसलेल्या आणि समोरच्याचा वाटा कधीच न मिळालेल्या माणसाची ती मागणी आहे. तिच्यात परक्यांबद्दलचा आकस मिसळलेला नव्हता असं मी म्हणणार नाही. होता, आणि काही ठिकाणी तो विखारी होता. तरी त्याखालचं गाऱ्हाणं खरं होतं.

या पार्श्वभूमीवर २००७ च्या उन्हाळ्यात जॉर्ज बुश यांच्या पाठिंब्याने नवं विधेयक सिनेटमध्ये आलं. पुन्हा तोच साचा, एका हाताने कायदेशीर दर्जा आणि दुसऱ्या हाताने कडक अंमलबजावणी. लोकांनी सिनेटरांना इतके फोन केले की कॅपिटॉलची फोन यंत्रणा कोलमडली. २८ जूनला चर्चा संपवून मतदान घेण्याचा ठराव त्यासाठी लागणारी ६० मतं न मिळाल्याने पडला. बाजूने ४६, विरोधात ५३. प्रायमरीची मोहीम तेव्हा सुरू झालेलीच होती, आणि त्या दिवसानंतर प्रत्येक रिपब्लिकन उमेदवाराला एकाच कसोटीवर घासलं जाऊ लागलं.

त्यात सर्वांत अडचणीत होते ॲरिझोनाचे सिनेटर जॉन मॅकेन. २००५ मध्ये डेमोक्रॅट टेड केनेडींच्या बरोबरीने त्यांनीच अशा सुधारणेचं विधेयक आणलं होतं, आणि २००७ च्या विधेयकामागेही ते उभे राहिले. त्याची किंमत लगेच मोजावी लागली. जुलैपर्यंत त्यांच्या मोहिमेचे पैसे संपत आले आणि माणसं सोडून गेली. मग त्यांनी सूर बदलला. लोकांचं म्हणणं मला समजलं, आधी सीमा सुरक्षित करू, असं ते सांगू लागले. ३० जानेवारी २००८ ला सिमी व्हॅलीतल्या रेगन ग्रंथालयात वादसभा झाली. तुमचंच विधेयक आज मतदानाला आलं तर तुम्ही बाजूने मत द्याल का, असं त्यांना विचारलं गेलं. त्यांनी नाही म्हणून सांगितलं.

यावर मतदारांत दोन तट पडले. एक म्हणत होता, हा माणूस हरण्याच्या काठावर येईपर्यंत आपल्या मताला चिकटून होता. म्हणजे त्याला मत आहे, आणि आता तो ऐकतोही आहे. दुसऱ्याचं म्हणणं होतं, निवडणुकीपुरता सूर बदललाय, शपथ झाली की केनेडींबरोबर पुन्हा बसेल. दोन्ही बाजूंकडे पुरावा एकच होता, मॅकेन यांचा इतिहास.

मिट रॉमनी यांची गोष्ट याच्या उलट. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना बेकायदा विद्यार्थ्यांना फीमध्ये सवलत देणारं विधेयक त्यांनी २००४ मध्ये नाकारलं होतं. पण २००५ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी मॅकेन यांच्या प्रस्तावासारख्या योजनांना रास्त म्हटलं होतं. राज्याच्या पोलिसांना स्थलांतर कायदा राबवण्याचा अधिकार देणारा करार त्यांनी केला, तोही २००६ च्या डिसेंबरमध्ये, पद सोडायला काही आठवडे उरले असताना. नव्या गव्हर्नरांनी तो येताच रद्द केला. त्यात त्यांच्या बेलमाँटच्या घराची हिरवळ राखणाऱ्या कंत्राटदाराकडे कागदपत्रं नसलेले मजूर आहेत, ही बातमी ‘बोस्टन ग्लोब’ने छापली, आणि वर्षभराने पुन्हा छापली, कारण परिस्थिती बदलली नव्हती. मग रॉमनींनी कंत्राटदार बदलला. मला यात रॉमनींच्या ढोंगापेक्षा मोठं काहीतरी दिसतं. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या अंगणात जर हे घडत होतं, तर देशाच्या अर्थव्यवस्थेत हा मजूर किती खोलवर रुतला होता, याचा याहून बोलका दाखला कुठला असणार?

न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानी यांची बाजू लवकर संपली. शहराचे नोकर सहसा कुणाची माहिती स्थलांतर खात्याला देणार नाहीत, हे शहराचं धोरण राखण्यासाठी ते महापौर असताना खुद्द केंद्र सरकारविरुद्ध कोर्टात गेले होते. हे रेकॉर्ड पुसणं शक्य नव्हतं.

राहिले माइक हकबी. आर्कान्सॉचे माजी गव्हर्नर, त्याआधी धर्मोपदेशक. २००५ मध्ये बेकायदा कुटुंबांतल्या हुशार मुलांना शिष्यवृत्ती आणि स्थानिक विद्यार्थ्यांची फी लागू करावी, या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला होता. ते विधेयक पास झालं नाही. नोव्हेंबर २००७ च्या फ्लोरिडातल्या वादसभेत रॉमनींनी त्यांना यावरून घेरलं, तेव्हा आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देणारा देश आपण नाही, असं उत्तर हकबींनी दिलं. त्या उत्तराचा मला आदर वाटतो. पण काही दिवसांतच त्यांनी एक कडक योजना जाहीर केली : बेकायदा राहणाऱ्यांनी १२० दिवसांत नोंदणी करून देश सोडायचा. पाठोपाठ सीमेवर स्वयंसेवक पहारे बसवणाऱ्या मिनिटमन प्रोजेक्टचे जिम गिलख्रिस्ट यांनी आयोवात येऊन त्यांना पाठिंबा दिला. कडव्या गटातले लोक गिलख्रिस्ट यांच्यावरच चिडले. दहा वर्षांचं रेकॉर्ड खरं मानायचं की दहा दिवसांपूर्वीचा कागद, हा त्यांचा सवाल होता.

यातलं बरंचसं आयोवात चाललं होतं, कारण पहिला कॉकस तिथे. याच राज्यात मार्शलटाउन नावाचं गाव आहे. तिथल्या स्विफ्ट कंपनीच्या डुकराच्या मांसाच्या कारखान्यावर १२ डिसेंबर २००६ ला छापा पडला. त्या दिवशी सहा राज्यांतल्या कंपनीच्या सहा कारखान्यांत मिळून सुमारे १,३०० कामगार पकडले गेले. १२ डिसेंबर हा मेक्सिकन लोकांचा ग्वादालूपेच्या मातेचा सण, त्यामुळे तो घाव अधिकच लागला. आता यातली मेख बघा. स्विफ्ट कंपनी नव्या कामगारांची नावं सरकारच्या संगणक तपासणीतून पडताळून घेत होती. ही स्वेच्छेची योजना, आजच्या ई-व्हेरिफायचीच आधीची आवृत्ती. तरीही कामगार तपासणीतून पार झाले, कारण त्यांनी खऱ्या अमेरिकी माणसांची नावं आणि नंबर वापरले होते. नंबर खरा, नाव खरं, माणूस दुसरा. संगणक होकारच देणार.

उमेदवारांना सभांमधून भिंतीबद्दल, माफीबद्दल, मुलांच्या फीबद्दल शेकडो वेळा विचारलं गेलं. कारखान्याच्या दारावर ही तपासणी खरी कशी करणार, चुकार मालकाला तुमच्या राज्यात किती दंड झाला, हे फार थोड्यांनी विचारलं. १९८६ चा करार मोडला होता तो नेमका याच जागी. मतदारांचा संशय योग्य होता, पण तो त्यांनी उमेदवाराच्या आवाजातल्या कडकपणावर मोजला. ही त्यांची चूक पुढे फार महाग पडली.

३ जानेवारीला आयोवात हकबी ३४ टक्के मतांनी जिंकले, रॉमनींना २५ टक्के मिळाली. अखेर उमेदवारी मात्र मॅकेन यांच्याकडे गेली. ७ फेब्रुवारीला कॉन्झर्व्हेटिव्ह कार्यकर्त्यांच्या वार्षिक मेळाव्यात त्यांनी स्थलांतराचा विषय काढताच सभागृहातून हुर्यो उठली. पुढे २०१० मध्ये सिनेटची जागा राखताना त्यांनी जाहिरातीत सीमेवर उभं राहून कुंपण पुरं करा म्हटलं, आणि २०१३ मध्ये कायदेशीर दर्जा देणाऱ्या विधेयकाच्या आठ शिल्पकारांत ते पुन्हा सामील झाले. संशय घेणारे म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो. २०१५ मध्ये ट्रम्प आले तेव्हा जमीन नांगरून तयार होती. कुठलंही जुनं विधेयक त्यांच्या नावावर नव्हतं, एवढंच अनेकांना पुरेसं वाटलं.

या वादात आपल्या मराठी माणसांचाही आवाज असतो. एच-वन-बी व्हिसावर गेलेले, दर देशाला ७ टक्क्यांच्या मर्यादेमुळे ग्रीन कार्डसाठी वर्षानुवर्षं थांबलेले, किंवा त्यातून पार होऊन नागरिक झालेले लोक म्हणतात, आम्ही रांगेत उभे राहिलो, त्यांनीही राहावं. त्यांची व्यथा मला समजते. पण अशिक्षित मजुरासाठी त्या रांगेचं तोंड केवढं आहे, हे बघायला हवं. नोकरीच्या आधारावर अशा कामगारांना मिळणाऱ्या ग्रीन कार्डांची कायद्यातली मर्यादा साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला १०,००० आहे. आणि बेकायदा वाटेवर फक्त मेक्सिकन असतात असंही नाही. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकी लष्करी विमान अमृतसरला १०४ भारतीयांना घेऊन उतरलं. बहुतेक पंजाब, हरियाणा, गुजरातचे होते. तिघे महाराष्ट्राचे होते.

त्याच वर्षी जूनमध्ये शेतं, मांस कारखाने, हॉटेलं यांच्यावरचे छापे थांबवा, असा आदेश अधिकाऱ्यांना गेला आणि काही दिवसांतच तो मागे घेतला गेला. ट्रम्प यांच्या इतक्या कडक सरकारचंही मालकांच्या दारात पाऊल अडखळलं. २०१७-१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपद आणि काँग्रेसची दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडे होती, तेव्हाही ई-व्हेरिफाय सक्तीचं झालं नाही. ॲरिझोनासारख्या काही राज्यांनी ते आपापल्या कायद्याने सक्तीचं केलं आहे. देशभरातल्या मालकांना ते आजही सक्तीचं नाही. २०२८ च्या प्रायमरीचे उमेदवार जाहीर होऊ लागले की वाचकांनी त्यांची भिंतीवरची भाषणं बाजूला ठेवावीत आणि मालकांबद्दल ते काय बोलतात, तेवढं लक्ष देऊन ऐकावं.