मुलांसाठी नाटक लिहिताना

शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की 'मुलांसाठी एखादे नाटक लिहून द्या' अशी मागणी कोणा ना कोणा शिक्षकाकडे होतेच. मग तो शिक्षक विचार करू लागतो, स्वच्छतेवर लिहावे की प्रामाणिकपणावर? माझ्या मते नाटक तेथेच फसते. मुलांच्या नाटकाचा आरंभ उपदेशाच्या विषयाने होत नाही. कोणाला तरी काही तरी हवे असते, तेथून तो होतो. राजकन्येला सुटायचे आहे आणि चेटकीण तिला सोडीत नाही, एवढे कळले की पाच वर्षांचे मूलही मान उंचावून पाहू लागते.

आचार्य अत्र्यांनी आपल्या शाळेतील मुलांसाठी 'गुरुदक्षिणा' लिहिले होते. परंतु मुलांचा प्रेक्षकवर्ग मनात धरून संस्था उभारण्याचे काम १९५९ साली मुंबईत सुधा करमरकर यांनी केले. त्यांच्या 'लिटल थिएटर'ने रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले. मतकरींचेच 'अलबत्या गलबत्या' २०१८ साली नव्या संचात पुन्हा आले आणि आजची मुलेही त्यातील चेटकिणीवर लुब्ध झाली. ती खरोखरीची चेटकीण आहे, हे त्याचे कारण. पुष्कळ लेखक मुले भितील म्हणून दुष्टाला बोथट करून टाकतात. मग त्याच्यावरचा विजयही मुलांना फुकटचा वाटतो.

संवादांविषयी थोडे सांगितले पाहिजे. लहान मुलाचा श्वास लहान. वाक्य दहा-बारा शब्दांपलीकडे गेले की अभिनय संपतो आणि पाठांतर सुरू होते. शिवाय इंदूरच्या मुलाच्या मराठीला हिंदीचा हेल असतो, बेळगावच्या मुलाच्या मराठीला कानडीचा. त्यांच्या तोंडी पुणेरी ग्रंथभाषा घालण्याचा अट्टाहास कशाला? पात्र राजवाड्यातले असले तरी बोलणारे मूल आपल्या गल्लीतले आहे.

वर्गात मुले चाळीस आणि भूमिका सहा, ही तर नित्याची अडचण. उरलेल्यांना झाडे करून उभे करण्यात येते. (नाताळच्या नाटुकल्यातील मेंढपाळांची गतही फारशी निराळी नसते, ते येतात, गुडघे टेकतात आणि निघून जातात.) त्याऐवजी जमावालाच काम द्यावे. बाजारातील लोकांनी नायकाला लपवावे, शिपायाला चुकीची वाट दाखवावी.

खरी उपेक्षा होते ती तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांची. चेटकिणीचे त्यांना हसू येते, आणि मोठ्यांचे नाटक दिले तर मिशा चिकटवून दुसऱ्याचे दुःख बोलावे लागते. मग ती नाटकच सोडून देतात. त्यांच्या वयाचे संकट घ्यावे. समजा, प्रश्नपत्रिका फुटली आहे. फोडणारा आपला जिवलग मित्र आहे आणि संशय तिसऱ्याच मुलावर आला आहे. आता बोलावे की गप्प राहावे? दोन्ही बाजूंना बळ द्यावे. गप्प राहणाऱ्याचे म्हणणेही क्षणभर पटले पाहिजे. अशा नाटकांत शेवटच्या प्रवेशात मुख्याध्यापक येऊन निवाडा देतात. ते पात्र निःसंकोच खोडून टाकावे. निर्णय त्या मुलांनाच घेऊ द्यावा आणि त्याची किंमतही रंगमंचावरच दिसू द्यावी. कदाचित मैत्री तुटेल.

पहिल्या वाचनानंतर 'मी असे करणार नाही' असे एखादी मुलगी म्हणाली, तर तिला गप्प करू नये. ती काय करील ते विचारावे आणि तिचे उत्तर तिच्याच शब्दांत वहीत उतरून घ्यावे.