प्रेमकथेतला अडसर

इंग्रजी प्रेमकादंबरीत नायक-नायिका शेवटी एकत्र येणार, हे मुखपृष्ठ पाहूनच कळतं. त्यामुळे ‘शेवट ठाऊक असताना वाचायचं कशाला?’ हा आक्षेप जुनाच आहे, आणि फारसा टिकणाराही नाही. खुनी सापडणार हे माहीत असूनही आपण रहस्यकथा वाचतोच. अशा गोष्टीत वाचकाचं सगळं लक्ष मधल्या वाटेवर असतं, म्हणजेच दोघांना रोखून धरणाऱ्या अडसरावर. तो अडसर खरा असेल तर कादंबरी उभी राहते, पोकळ असेल तर कितीही चुरचुरीत संवाद तिला तारत नाहीत. गेल्या दीडेक दशकातल्या गाजलेल्या पुस्तकांकडे मागे वळून पाहिलं तर हा अडसर पैसा, आजार, घर, कायदा यांतून उठून पात्रांच्या मनात जाऊन बसायला लागला, असं दिसतं. या स्थलांतरात प्रेमकथेने कमावलं त्यापेक्षा गमावलंच जास्त, असं माझं मत आहे.

‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ २०११ मध्ये आली आणि चर्चा शृंगारापाशीच अडकली. तिच्यातल्या पैशाकडे फारसं कोणी पाहिलं नाही. ख्रिश्चन ग्रे अब्जाधीश, ॲना नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली. तो तिला लॅपटॉप देतो, गाडी देतो, आणि पुढच्या भागात तर ती नोकरी करते ती प्रकाशन कंपनीच विकत घेऊन टाकतो. घरभाडं, नोकरीची धास्ती, महिनाअखेर यांची वासलात लागल्यावर कथेला पुरवायला एकच गोष्ट उरते: त्याचं जखमी बालपण. मग प्रेम म्हणजे त्या जखमेवरचा इलाज, आणि इलाज करणारी अर्थातच नायिका.

या काळातली माझ्या मते सर्वांत सकस पुस्तकं २०१८-१९ च्या सुमाराची आहेत. हेलन होआंगच्या ‘द किस कोशंट’मधला मायकल पैसे घेऊन बायकांना सोबत करतो, कारण आईच्या कर्करोगाची बिलं भागवायची आहेत. आजारपणात कुटुंबं बुडतात त्या अमेरिकेतलं हे कारण आहे, त्यामुळे ते ओढूनताणून आणलेलं वाटत नाही. नायिका स्टेला स्वमग्न आहे. लेखिकेलाही मोठेपणीच स्वमग्नतेचं निदान झालं, आणि स्पर्श, गोंगाट, अनोळखी माणसं यांनी स्टेला कशी हैराण होते याचे तपशील त्या जाणिवेतून आलेले दिसतात. टालिया हिबर्टच्या ‘गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन’मध्ये तर अडसर नायिकेच्या हाडामांसात आहे. फायब्रोमायल्जियाने सतत दुखणारी क्लोई मांजराला सोडवायला झाडावर चढते आणि तिथेच अडकते, उतरायला अंग साथ देत नाही. इमारतीची देखभाल करणारा रेड तिच्यासाठी वर चढतो. प्रसंग विनोदीच, पण प्रत्येक फांदी पकडताना पुढचे काही दिवस याची काय किंमत मोजावी लागेल याचा तिचा हिशेब चालूच असतो. पुढे दोघांचं जे काही होतं ते या हिशेबाला धरून होतं. त्यामुळे ते पटतं.

आता कोणी म्हणेल की कमावत्या, स्वतंत्र स्त्रीपुढे बाहेरचे अडथळे उरलेच कुठे? मनातली भीती हाच आजचा अडसर. हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, पण पुस्तकंच त्याला साक्ष देत नाहीत. ॲली हेझलवूडची ‘द लव्ह हायपॉथेसिस’ (२०२१) घ्या. मूळ ‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांसाठी लिहिलेली ही कथा. चाहत्यांच्या त्या लेखनात गोष्टीवर आधीच चिठ्ठी लावलेली असते: ‘खोटंखोटं प्रेम’, ‘वैरातून प्रीती’, ‘खोलीत एकच पलंग’. नायिका ऑलिव्ह आणि नायक ॲडम यांचा गैरसमज एका सरळ प्रश्नाने मिटला असता, तो पानंच्या पानं ताणला जातो. पण ज्याच्या हातात तिच्या संशोधनाचं भवितव्य आहे तो माणूस तिला घाणेरडी ‘ऑफर’ देतो, तुझं काम स्वतःच्या गुणांवर निवडलं गेलंच नाही म्हणतो, आणि हे सगळं तिच्या फोनवर नकळत रेकॉर्ड होतं, तिथे पुस्तक एकदम जागं होतं. सत्ता, पैसा, प्रयोगशाळेतली जागा हे अडथळे शिकलेल्या, कमावत्या मुलीसाठीही जिवंत आहेत. लेखिकेने त्यांना उशिरा आत घेतलं, एवढंच.

मनातला अडसर मुळातच हलका, असं मात्र म्हणता येत नाही. कॉलीन हूव्हरची ‘इट एंड्स विथ अस’ २०१६ ची, खरी लाट काही वर्षांनी टिकटॉकने उठवली. भारतात टिकटॉकवर २०२० मध्येच बंदी आली, तरी पुस्तक आपल्याकडे पोचलंच. यातला राइलही बालपणीची भयंकर जखम घेऊन वावरतो आणि लिलीवर हात उगारतो. साहित्य तेच, ‘फिफ्टी शेड्स’चंच, पण लिली त्याच्यावर उपचार करायला बसत नाही. लेक जन्मल्यावर दवाखान्यातच ती त्याला विचारते की उद्या हीच मुलगी नवऱ्याने मारलं म्हणून तुझ्याकडे आली तर तू तिला काय सांगशील? इथे जखम हे कारण राहतं, सबब होत नाही. (बाजूला लिलीचा जुना प्रियकर ॲटलस तयार ठेवून लेखिकेने तिची वाट सोपी केली, ही तक्रार माझीही आहे.) ही खरी प्रेमकथाच नव्हे, हा आक्षेप मान्य केला तरी या काळाचा हिशेब तिच्याशिवाय पुरा होत नाही.

आपल्याकडचा वाचक ही पुस्तकं वाचताना कुठेतरी बिचकतो, त्याचं कारणही अडसराचं हे मनातलं स्थलांतरच असावं. घरच्यांपासून जीव वाचवायला इथे आजही जोडपी पोलीस संरक्षण मागतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांच्यासाठी सुरक्षित निवाऱ्याच्या सूचना राज्यांना द्याव्या लागल्या. अमेरिकेत राहून लिहिणाऱ्या सोनाली देव यांना ही नस सापडली आहे. ‘अ बॉलीवूड अफेअर’ (२०१४) मधल्या मिलीचं लग्न चौथ्या वर्षी झालेलं. नवऱ्याचा भाऊ ते कायद्याने संपवायला तिच्या मागावर अमेरिकेत येतो आणि तिच्याच प्रेमात पडतो. योगायोग फिल्मी आहे, पण अडसर अस्सल. पाच वर्षांनी आलेल्या कादंबरीत त्यांनी कॅलिफोर्नियातलं श्रीमंत राजे घराणं उभं केलं. तिथली मेंदूची शल्यविशारद तृषा आणि आचारी डीजे यांच्यात वर्ग, वंश आणि डीजेच्या बहिणीच्या मेंदूतली गाठ, एवढं सगळं येतं. डीजेची बहीण चित्रकार आहे, शस्त्रक्रियेने जीव वाचेल पण दृष्टी जाईल. तृषाला डीजेच्या घरात जागा मिळवायची तर आधी या प्रश्नाला भिडावं लागतं, आणि त्या पानांवर प्रेमकथा मागे पडली तरी वाचकाची तक्रार नसते.