खोक्यावरचा आकडा आणि कोल्हापूरचे आकाश

दुर्बिणीची ताकद म्हणजे ती किती पट मोठे दाखवते, हा दुर्बीण खरेदीतला सर्वांत जुना आणि सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे. 60 मिलिमीटर भिंगाच्या स्वस्त दुर्बिणीच्या खोक्यावर ‘525 पट’ असे ठळक छापलेले आढळते. हिशेब म्हणून तो आकडा चुकीचा नसतो. मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या आयपीसच्या, नाभीय अंतराने भागले की वर्धन मिळते. 700 भागिले 4 म्हणजे 175 आणि त्यात तिप्पट करणारे बार्लो भिंग घातले की 525. पण भिंगातून आत येणारा प्रकाश तेवढाच राहतो आणि तोच मोठ्या जागेवर पसरवला जातो. पांढऱ्या रश्श्यात पाणी ओतत गेल्यावर जे होते, तेच प्रतिमेचे होते. 525 पटीत गुरू म्हणजे एक मोठा, फिकट, थरथरणारा डाग दिसतो.

व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या साधारण दुप्पट, इतकेच वर्धन उपयोगी पडते. 60 मिमीला 120 पट, 114 मिमीला सुमारे 230, 150 मिमीला 300. तीही कमाल मर्यादा झाली. हवेच्या अस्थिरतेमुळे बहुतेक रात्री दोनशेच्या पुढे जाण्यात अर्थ नसतो. म्हणून दुर्बिणीची पहिली चौकशी व्यासाची करावी. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात गोळा होतो, त्यामुळे 150 मिमीचा आरसा 60 मिमीच्या भिंगापेक्षा सव्वासहा पट प्रकाश आणतो. बारकावे वेगळे दिसण्याची क्षमताही व्यासावरच ठरते.

ही क्षमता मोजता येते, आणि ती मोजली की आणखी एक भाबडी समजूत गळून पडते. चंद्रावर अंतराळवीरांनी रोवलेला झेंडा मोठ्या दुर्बिणीतून दिसेल, असे अनेकांना वाटते. 150 मिमीच्या दुर्बिणीला आदर्श हवेत साधारण 0.8 विकलांचे अंतर वेगळे ओळखता येते. चंद्राच्या अंतरावर हे माप सुमारे दीड किलोमीटर भरते. म्हणजे रंकाळ्याएवढे विवर चंद्रावर असेल तर ते जेमतेम एका ठिपक्याएवढे कळेल. झेंड्याचा प्रश्नच येत नाही.

लहान दुर्बीण म्हणजे खेळणे, हा याच्या उलट टोकाचा गैरसमज. गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये गुरूचे चंद्र पाहिले ते साधारण वीस पट वर्धनाच्या आणि आजच्या कोणत्याही 60 मिमी दुर्बिणीपेक्षा कमी दर्जाच्या भिंगातून. शनीची कडी पंचवीस-तीस पटीला वेगळी कळतात. मात्र मार्च 2025 मध्ये कड्यांची धार पृथ्वीकडे होती. त्यामुळे त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत ती सुईसारखी बारीक दिसणे हा दुर्बिणीचा दोष मानू नये. 2032 च्या सुमारास ती पुन्हा पूर्ण उघडलेली असतील. स्वस्त 60 मिमी दुर्बिणींचे खरे दुखणे भिंगापेक्षा स्टँडमध्ये असते. काडीसारख्या पायांच्या तिकाटण्यावर नळी ठेवली की फोकसच्या खुंटीला बोट लावताच चंद्र दृष्टिक्षेत्राबाहेर उडी मारतो. दुकानात दुर्बिणीच्या नळीवर हलकी टिचकी मारून पाहावी. प्रतिमा दोन-तीन सेकंदांत स्थिरावली नाही, तर बाकी काही तपासण्याची गरज उरत नाही.

स्टँडच्या बाबतीत कोल्हापूरच्या खरेदीदाराला एक वेगळी अडचण येते आणि ती पाश्चात्त्य पुस्तकांत सहसा सापडत नाही. विषुववृत्तीय स्टँड म्हणजे ‘शास्त्रीय’ आणि साधा वर-खाली, डावी-उजवीकडे फिरणारा स्टँड म्हणजे पोरखेळ, असे मानले जाते. विषुववृत्तीय स्टँडचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. कोल्हापूरचे अक्षांश सुमारे 16.7 अंश उत्तर असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर असतो. शहरात तो शेजारच्या इमारतीमागे गडप होतो. दिसला तरी त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत तिपटीहून अधिक जाड हवेच्या थरातून येतो. हा थर काय करतो, ते अंबाबाईच्या किरणोत्सवाला कोल्हापूरकरांनी पाहिलेले आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीअखेर मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात येतात, पण क्षितिजालगत धूलिकण आणि बाष्प असले की ते मूर्तीपर्यंत पोहोचण्याआधीच क्षीण होतात. शिवाय युरोप-अमेरिकेतील चाळीस-पन्नास अक्षांशांसाठी बेतलेल्या अनेक लहान विषुववृत्तीय स्टँडचा अक्ष सतरा अंशांपर्यंत खाली आणला, की वजनाचा दांडा तिकाटण्याच्या पायावर आपटतो.

यावरचा उपाय डॉब्सनियन स्टँड. जॉन डॉब्सन 1944 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात दाखल झाले आणि 1967 पर्यंत संन्यासी होते. भंगारातल्या काचा घासून ते आरसे करीत आणि लोकांना रस्त्यावर आकाश दाखवीत. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा स्टँड म्हणजे लाकडी पेटीत डुलणारी नळी, बस्स. त्याला ध्रुवतारा लागत नाही, मोटार लागत नाही, आणि पैसा आरशावर खर्च होतो. आरसा तयार मिळाला तर पेटी चांगल्या प्लायवूडची सुताराकडून करून घेता येते. उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्यांच्या शहरात तर दोन-चार धातूचे भाग घडवून घेणे ही अडचणच नव्हे. आरसाही हाताने घासता येतो; पुण्याच्या आयुका संस्थेने त्यासाठी कार्यशाळा घेतल्या आहेत. त्याच पुण्यात 1944 पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. विकत घेण्याआधी अशा मंडळींच्या आकाशदर्शनाला जाऊन तीन-चार दुर्बिणींतून प्रत्यक्ष पाहणे, हा सर्वांत स्वस्त सल्ला ठरतो.

आरशाच्या दुर्बिणी घेताना मात्र एका आखूड नळीपासून सावध राहावे लागते. 114 किंवा 127 मिमी व्यास, नाभीय अंतर 1000 मिमी, आणि नळी जेमतेम अर्धा मीटर लांब, असे दिसले तर समजावे की फोकसच्या नळकांड्यात एक जादा भिंग बसवले आहे. आरसा गोलाकार वक्रतेचा असतो आणि त्याचा दोष ते भिंग सावरते, निदान तशी अपेक्षा असते. स्वस्त नमुन्यांत ते नीट जमत नाही, आणि आरसे सरळ रेषेत आणण्याचे कामही त्यामुळे किचकट होते. गोलाकार आरसा मुळातच वाईट असतो असे मात्र नाही. 76 मिमी व्यास आणि 700 मिमी नाभीय अंतराला तो पुरेसा चांगला चालतो. तोच 76 मिमीचा आरसा 300 मिमी नाभीय अंतराच्या मेजावरच्या दुर्बिणीत आला, की तारे कधीच टोकदार होत नाहीत. कमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला अन्वस्ताकार आरसा हवा, आणि तसा असेल तर विक्रेता ते सांगितल्याशिवाय राहत नाही.

नेत्रिकांच्या बाबतीत ‘जितक्या जास्त तितके बरे’ हा समज खोलवर रुजला आहे. खोक्यात पाच-सहा नेत्रिका भरून देणे उत्पादकाला स्वस्त पडते. त्यांच्यावर एच किंवा एसआर अशी अक्षरे असतील तर त्या हायगेन्स किंवा रॅम्सडेन पद्धतीच्या, सतराव्या-अठराव्या शतकातल्या रचनेच्या असतात. 4 मिमीच्या एसआर नेत्रिकेत छिद्र टाचणीच्या टोकाएवढे वाटते आणि पापण्या काचेला घासतात. त्यापेक्षा दोन बऱ्या प्लॉसल नेत्रिका आणि एक दुप्पट करणारे बार्लो पुरते. उदाहरणार्थ, 130 मिमी व्यास आणि 650 मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला 25 आणि 10 मिमीच्या नेत्रिका घेतल्या, तर 26 आणि 65 पट, बार्लोसह 52 आणि 130 पट, असे चार टप्पे मिळतात. 25 बरोबर 12.5 ची नेत्रिका घेणे म्हणजे पैसे वाया, कारण बार्लो लावल्यावर 25 ची 12.5 होतेच. 26 पटीला साधारण दोन अंश आकाश दिसते, म्हणजे पूर्णचंद्र चार वेळा शेजारी शेजारी मावतील एवढे. कृत्तिकांचा पुंजका त्यात एकत्र बसतो.

घेण्याआधी नेत्रिकेच्या नळीचा व्यासही पाहावा. सव्वा इंची माप सर्वत्र चालते. जुन्या आणि अगदी स्वस्त दुर्बिणींतले 0.965 इंची माप असेल तर पुढे चांगली नेत्रिका बसवताच येत नाही. झूम नेत्रिका सोयीची वाटते, पण कमी वर्धनाला, म्हणजे जिथे मोठे दृष्टिक्षेत्र हवे असते तिथेच, तिचे क्षेत्र अरुंद होते. चष्मा असणाऱ्यांना दुर्बीण निरुपयोगी, हेही खरे नाही. साधा जवळचा किंवा दूरचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की झाले. सिलिंडरचा नंबर मोठा असेल तरच चष्मा ठेवावा लागतो, आणि मग डोळा काचेपासून दूर ठेवता येईल अशी नेत्रिका शोधावी लागते.

प्रतिमा उलटी दिसणे हा बिघाड नव्हे. आकाशात वर-खाली नसते, आणि सरळ करणारे जादा भिंग प्रकाश खाते. तेजोमेघ छायाचित्रांसारखे गुलाबी-निळे दिसत नाहीत, कारण मंद प्रकाशात डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या पेशी काम करीत नाहीत. मृगातला तेजोमेघ राखाडी, फार तर किंचित हिरवट दिसतो. दोष द्यायचाच तर मासिकांच्या मुखपृष्ठांना द्यावा.

शहरातून काहीच दिसत नाही, हा समज अर्धा खरा. दिव्यांच्या उजेडाने दीर्घिका आणि तेजोमेघ विझतात, चंद्र आणि ग्रह मात्र राजारामपुरीच्या गच्चीवरूनही तितकेच चांगले दिसतात. अडचण उलट गच्चीचीच असते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडतो आणि प्रतिमा उकळत्या पाण्यातून पाहावी तशी हलते. मातीच्या अंगणात किंवा उशिरा रात्री फरक पडतो. मंद वस्तूंसाठी गगनबावडा, दाजीपूर किंवा निदान पन्हाळ्याच्या पलीकडचा माळ गाठावा. शिवाजी विद्यापीठाचे अवकाश संशोधन केंद्रही पन्हाळ्यावरच आहे. सतरा अंशांचे हे अक्षांश ध्रुवताऱ्यासाठी गैरसोयीचे असले तरी दक्षिण आकाशासाठी फायद्याचे आहेत. युरोपच्या बहुतेक भागातून न दिसणारा ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ कोल्हापुरात क्षितिजापासून पंचवीस अंशांवर येतो. वृश्चिक-धनूचा श्रीमंत पट्टा संध्याकाळी सर्वांत उंच असतो तेव्हा नेमका पाऊस असतो, म्हणून तो मार्च ते मे या काळात पहाटे उठून पाहावा लागतो.

पावसाचे चार महिने दुर्बिणीसाठी सर्वांत कठीण. दमट हवेत कातडी किंवा फोमच्या बंद पेटीत ठेवलेल्या नेत्रिकांवर बुरशी येते आणि ती काचेवरचा लेप खाते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून नेत्रिका ठेवाव्यात आणि जेल गुलाबी झाले की तापवून वाळवावे. आरशावरची थोडी धूळ मात्र पुसू नये. तिने प्रतिमा बिघडत नाही. फडक्याने पडणारे ओरखडे कायमचे राहतात.

खर्चाची मर्यादा अगदीच तोकडी असेल तर 10×50 ची द्विनेत्री हा कमीपणा नव्हे. तिच्यातून देवयानी दीर्घिका, कृत्तिका, चंद्रावरची मोठी विवरे आणि, भिंतीला टेकवून धरली तर, गुरूचे चंद्र दिसतात. पुढे मोठी दुर्बीण आली तरी ती अडगळीत जात नाही.

एका वस्तूबाबत मात्र गैरसमज जिवावर नाही तरी डोळ्यांवर बेततो. काही स्वस्त दुर्बिणींबरोबर नेत्रिकेवर फिरवून बसवायची काळी ‘सूर्य’ काच मिळते. ती एकवटलेल्या उष्णतेच्या जागीच बसते आणि तडकू शकते. डोळा मागे घेण्याइतका वेळ मिळत नाही. सूर्य पाहायचा असेल तर दुर्बिणीच्या तोंडावर संपूर्ण व्यास झाकणारा प्रमाणित गाळक लावावा आणि नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीवर टोपी ठेवावी. खोक्यातली ती काच घरी आल्याबरोबर फोडून टाकावी.