१० तारीख

संचय करावा, असे वडीलधारी मंडळी नेहमी सांगतात. पैसे कोणत्या तारखेस भरावेत, हे मात्र आम्हांस खात्यानेच शिकविले. टपाल कचेरीच्या बचत खात्यात १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज मिळते. आम्ही सहलीसाठी साठविलेले ६०० रुपये १२ तारखेस भरले. दरसाल ४ टक्क्यांप्रमाणे त्या महिन्याचे २ रुपये बुडाले. रक्कम क्षुल्लक खरी. पण दरमहा असेच ६०० भरले, तर वर्षाचे २४!

बँकांत १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज आकारतात. तेथे तारखेचा जाच नाही. तथापि अनेक बँकांचा दर टपालाहून कमी असतो. तेव्हा आम्ही टपालातील खातेच ठेवले. आता पैसे लागलेच, तर १ तारखेस काढतो आणि उरलेले १० तारखेपर्यंत परत भरतो.