ड्रायरला जळका वास येतोय? आधी पिन काढा!

पावसाळा लागला की रूम करून राहणाऱ्यांची एक डोकेदुखी ठरलेली: कपडे वाळत नाहीत. त्यात बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर. ढग खाली उतरले की दोरीवरची जीन्स तीन-तीन दिवस ओलीच. मग चौघांनी वर्गणी काढून घेतलेली सेकंडहँड सेमी-ऑटोमॅटिक मशीन रोज कामाला लागते आणि एका संध्याकाळी तिच्या ड्रायरमधून जळका वास यायला लागतो. रूममेट म्हणतो, “चालू दे ना बे, दोनच मिनिटं राहिलीत.”

दोस्तांनो, ती दोन मिनिटंच महागात पडतात. ज्याला आपण ‘ड्रायर’ म्हणतो, त्या छोट्या टबात हीटर नसतोच. टब मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेतो आणि कपड्यांतलं पाणी बाहेर फेकतो, बस्स. म्हणजे जळका वास आला, तर जे घासायला किंवा तापायला नको ते घासतंय, तापतंय. म्हणून पहिलं काम एकच. हात कोरडे करा, पायात चप्पल घाला, भिंतीवरचं बटण बंद करा आणि पिन काढा.

आता वास ओळखा. दोष कुठे आहे, याचा अंदाज त्यावरून बराच येतो.

रबर जळल्यासारखा वास असेल, तर संशय ब्रेकवर घ्या. झाकण उघडलं की ब्रेक लागतो, बंद केलं की एका वायरने तो सुटतो. ही वायर सैल झाली किंवा गंजली, तर मोटार फिरते आणि ब्रेकही घासत राहतो. कधी एखादा मोजा टबाच्या बाहेर पडून खाली अडकतो, तेव्हाही असाच वास येतो. झाकण उघडं असताना टब हाताने फिरत नसेल, तर घाबरू नका. तेव्हा ब्रेक लागलेलाच असतो. वायर ॲडजस्ट करणं हे मेकॅनिकचं छोटं काम आहे.

मोटार नुसती ‘हूं’ करते, टब फिरत नाही आणि तापलेल्या वार्निशसारखा वास येतो? मग कपॅसिटर कमजोर झाला असेल, कपडे जास्त कोंबले असतील किंवा व्होल्टेज कमी असेल. घरात २३० व्होल्टच्या आसपास वीज यायला हवी. पंखा रेंगाळत असेल, बल्ब मिणमिणत असेल, तर मशीन लावूच नका. रोजचंच रडगाणं असेल, तर महावितरणच्या १९१२ वर तक्रार करा. आणि पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. त्यामुळे मागचं झाकण उघडून हात घालू नका.

प्लास्टिक जळल्याचा वास प्लगजवळून येत असेल, तर दोष सॉकेटचा किंवा एक्स्टेंशन बोर्डाचा. पिन ढिली बसली की ठिणग्या उडतात, सॉकेट वितळतं. टेप गुंडाळू नका, सॉकेट बदलून घ्या. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर वापर त्याच क्षणी थांबवा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

इंग्रजी व्हिडिओ पाहून दुरुस्ती करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्यात बरेचदा गरम हवेचे टम्बल ड्रायर असतात. त्यांच्यात कपड्यांचा भुसा साठून आग लागते, म्हणून जाळी साफ करायला सांगतात. आपल्या मशीनचा प्रश्न वेगळा, उपायही वेगळा.

वास येऊच नये म्हणून? मशीन सपाट जागेवर ठेवा. कपडे टबात गोल, सारखे पसरा आणि वर प्लास्टिकची चकती दाबून बसवा. एकटी जड जीन्स किंवा ब्लँकेट टाकलं की टब एका बाजूला ओढला जातो आणि धडधडतो.

धूर दिसलाच तर मेन स्विच बंद करा, पाणी मारू नका, बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा.

शेअरिंगच्या रूममध्ये मशीन सगळ्यांची असते, म्हणून तिची काळजी कोणाचीच नसते. आजच एक कागद तिच्यावर चिकटवा: ‘वास आला की पिन काढा, मग ग्रुपवर टाका. मेकॅनिक येईपर्यंत कोणीही लावायची नाही.’ मेकॅनिकचा खर्च चौघांत वाटून घेता येतो. जळालेली रूम वाटून घेता येत नाही.