‘सोपी’ प्रोग्रॅमिंग भाषा: सोपी कुणाला, आणि ते मोजायचं कसं?

रिसर्च प्रपोजलमध्ये ‘इन्ट्युटिव्ह’ किंवा ‘नॅचरल’ असा शब्द आला की माझे गाइड त्याभोवती पेन्सिलने गोल करतात आणि बाजूला दोनच प्रश्न लिहितात: कुणाला? कशाच्या तुलनेत? प्रोग्रॅमिंगच्या भाषा आणि टूल्स या विषयात पीएचडी करायचा विचार असेल, तर या दोन प्रश्नांशी आधीच ओळख करून घ्या.

उदाहरण आपल्या जवळचंच घेऊ. पवईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाच्या सीएस १०१ या कोर्ससाठी प्रा. अभिराम रानडे यांनी ‘सिंपल-सीपीपी’ नावाची लायब्ररी तयार केली. तिच्यावर आधारलेलं त्यांचं पाठ्यपुस्तक २०१४ साली मॅकग्रॉ-हिलने काढलं. पहिल्याच धड्यात पडद्यावर एक कासव येतं. त्याला सांगायचं: चार वेळा ‘रिपीट’ कर, दर वेळी १०० पुढे जा आणि ९० अंशांत उजवीकडे वळ. झाला चौरस! कल्पना ‘लोगो’ भाषेतली, १९६७ सालची, सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. पण इथे मुलं लिहितात ती खरीखुरी सी++.

गंमत अशी, की सी++ मध्ये ‘रिपीट’ नावाचा शब्दच नाही. तो लायब्ररीतला एक मॅक्रो आहे, पडद्यामागे त्याचा साधा ‘फॉर’ लूप होतो. मग एवढा खटाटोप कशाला? तर नेहमीचा ‘फॉर’ लिहायचा म्हणजे व्हेरिएबल, त्याला दिलेली सुरुवातीची किंमत, तुलना आणि एकाने वाढवणं, अशा चार गोष्टी एकदम कळायला हव्यात. ‘चार वेळा कर’ एवढंच म्हणायचं असताना! ‘रिपीट’मुळे त्या चारही गोष्टी पुढे ढकलता येतात आणि मुलगा पहिल्याच दिवशी काहीतरी बघण्यासारखं करतो.

पटतं ना? पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा कसा गोळा करतात ते अँड्रियास स्टेफिक आणि सुझॅना सीबर्ट यांच्या २०१३ च्या पेपरमध्ये बघा. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या लोकांना त्यांनी विचारलं, की अमुक काम सांगायला कुठला शब्द योग्य वाटतो. पुन्हापुन्हा करण्यासाठी ‘रिपीट’ला ‘फॉर’पेक्षा कितीतरी जास्त पसंती मिळाली. त्याहून धमाल दुसरा भाग. त्यांनी ‘रँडोमो’ नावाची एक भाषा बनवली, जिचे शब्द म्हणजे कशीही निवडलेली चिन्हं. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देतात ना, तसंच. नवख्यांना वेगवेगळ्या भाषांत छोटे प्रोग्रॅम लिहायला दिले. पायथन, रुबी आणि त्यांची स्वतःची ‘क्वोरम’ या भाषांत अचूकता जास्त निघाली. पर्ल आणि जावा मात्र त्या साखरेच्या गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरल्या नाहीत! ‘आपल्याला डोकंच नाही’ म्हणून पहिल्याच सेमिस्टरला हाय खाल्लेल्या मुलांना हा निकाल कुणीतरी सांगायला हवा.

शब्द बदलले की काम झालं, असंही नाही. १९८३ साली सोलोवे, बोनार आणि अर्लिक यांनी एक साधं गणित दिलं: आकडे वाचत जा, ९९९९९ आला की थांब आणि आधीच्या आकड्यांची सरासरी काढ. माणूस सहज विचार करतो तो असा: आकडा वाच, मग त्याचं काय ते कर. पास्कलचा ‘व्हाइल’ मात्र उलटा क्रम लादतो, आधीच्या आकड्याचं काम कर आणि मग पुढचा वाच. मधूनच बाहेर पडता येणारा लूप दिल्यावर बरोबर उत्तरं वाढली. म्हणजे अडचण शब्दात नव्हती, रचनेत होती.

आता हे मराठीत आणून बघा. ‘दूध उतू येईपर्यंत ढवळत राहा’ असं सांगितलं, तर दूध वर आल्या क्षणी तुम्ही गॅस बंद करता. कॉम्प्युटर तसं करत नाही; तो फेरी पूर्ण करून मगच अट तपासतो. (दूध केव्हाच ओट्यावर.) किंवा वर्गात म्हणा, ‘बोरिवलीचे आणि मुलुंडचे विद्यार्थी हात वर करा’. दोन्हीकडचे हात वर होतात. कॉम्प्युटरच्या ‘आणि’ने बघितलं तर एकही हात वर नको, कारण एकाच वेळी दोन्हीकडे राहणारा कोण? इंग्रजी ‘अँड’चा असाच घोटाळा पेन, रतनमहातना आणि मायर्स यांनी २००१ च्या अभ्यासात नोंदवला होता.

डायक्स्ट्रा यांनी १९७८ मध्ये बोलीभाषेतल्या प्रोग्रॅमिंगला सरळ मूर्खपणा म्हटलं होतं, ते याच संदिग्धतेमुळे. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण ते उत्तर वेगळ्या प्रश्नाचं आहे. काटेकोर चिन्हं हवीतच. पहिल्या पंधरा दिवसांत कुठली चिन्हं कुणाच्या हातात द्यायची, हा प्रश्न तरी उरतोच.

आणि तिथे आपल्याला काम करायला जागा आहे. दासगुप्ता आणि हिल यांनी २०१७ मध्ये स्क्रॅचचा डेटा तपासला. आपल्या भाषेतले ब्लॉक वापरणारी मुलं त्याच देशातल्या इंग्रजी ब्लॉक वापरणाऱ्यांपेक्षा नव्या संकल्पना लवकर वापरू लागतात, असं त्यात दिसलं. पण ती निरीक्षणं होती, प्रयोग नव्हता. भाषा मुलांनी स्वतः निवडली होती.

मराठीसाठी प्रयोग आखायचा तर दोन गोष्टी सुट्या करा. एक, शब्द: ‘रिपीट’ की ‘वेळा’. दोन, क्रम: इंग्रजीत क्रियापद आधी, आपल्याकडे शेवटी, ‘शंभर पावलं पुढे जा’. दोन गुणिले दोन, चार गट. त्यात पाचवा रँडोमोसारखा घाला, तो विसरलात तर परीक्षक तेच विचारतील. विद्यार्थी मराठी माध्यमातून अकरावीला आलेले घ्या, पण प्रत्येकाचं इंग्रजी आधी मोजून ठेवा. अंधेरी-घाटकोपरच्या एकाच वर्गात घरी गुजराती, हिंदी, कोकणी बोलणारी मुलंही बसलेली असतात, म्हणून घरची भाषा वेगळ्या रकान्यात नोंदवा.